ऑनलाइन कोर्स, तालुक्याचा स्टुडिओ की पुणे?

तुझा प्रश्न आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. सिंदेवाही तालुक्यातलं गाव, बीएस्सी पूर्ण, घरी धानाची शेती. मामांनी दिलेला जुना डीएसएलआर आणि त्यासोबतची किट लेन्स एवढं सामान. मोबाइलवर एका ऑनलाइन फोटोग्राफी कोर्सची जाहिरात आली, फी अठरा हजार. बाबा म्हणतात, धान विकलं की बघू. तालुक्यातला एक स्टुडिओवाला म्हणतो, ये, शिकवतो, पण पैसे मिळणार नाहीत. मैत्रीण म्हणते, पुण्याला जाऊन रीतसर शिक. यातलं काय करू, असं तू विचारलंस. काका म्हणून विचारलंस, तर मीही घरच्या मुलीला सांगावं तसंच सांगतो.

अठरा हजार आत्ता भरू नकोस. कोर्स वाईट असतात म्हणून नाही. त्यात जे शिकवतात त्यातलं बरंचसं फुकट मिळतं, आणि जे फुकट मिळत नाही ते बहुतेक रेकॉर्डेड कोर्समध्ये नसतंच. ते म्हणजे तुझा फोटो समोर ठेवून, यात काय बिघडलं आणि का बिघडलं, हे सांगणारं माणूस. शिकायचा कुठलाही मार्ग निवडताना माझी कसोटी ही एकच आहे: इथे माझे फोटो कोण बघणार?

कॅमेऱ्याचं तंत्र जगात सगळीकडे सारखंच. अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) यांचं गणित, फोकस कुठे धरायचा, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेगमधला फरक, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) कसा वाचायचा, लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये रंग कसा सुधारायचा, हे सगळं व्हिडिओ बघून नीट येतं. उलट व्हिडिओच बरा, मागे नेऊन पुन्हा बघता येतो. हिंदीत आणि मराठीत यूट्यूबवर चांगलं शिकवणारे आहेत. इंग्रजी जमत असेल तर कोर्सेरावर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची मोबाइलपासून डीएसएलआरपर्यंतची मालिका आहे, क्रमाने शिकायला ती चांगली. आणि तुझ्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घे. जुन्या कॅमेऱ्यासोबत ते बहुधा आलेलं नसतं, आणि अर्ध्या शंका तिथेच फिटतात. गावात नेटवर्क रडवत असेल तर तालुक्याला गेलीस की व्हिडिओ डाउनलोड करून आण. रोज थोडं बघितलंस आणि बघितलेलं त्याच दिवशी कॅमेऱ्यावर करून पाहिलंस, तर दोन-तीन महिन्यांत एवढा भाग हाताखाली येतो.

पुढचं मात्र व्हिडिओत सापडणार नाही. दोन उदाहरणं देतो, आपल्याकडच्या लग्नातलीच.

पहिलं, एलईडीच्या पट्ट्यांचं. हल्ली प्रत्येक मंडपात बिछायतवाला स्वस्त एलईडी लावतो. नवीन पोरं १/३२० सेकंदाच्या शटरवर फोटो काढतात आणि घरी येऊन बघतात तर नवरीच्या शालूवरून काळपट आडवे पट्टे गेलेले. कॅमेरा खराब झाला म्हणून थेट नागपूरच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत जाणारे पाहिलेत मी. कॅमेऱ्याला काहीच झालेलं नसतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटरला दिसतं. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं की दिव्याचा पूर्ण फेरा आत येतो आणि पट्टे जातात. आता गंमत बघ. अमेरिकी शिक्षक अशा वेळी १/६० किंवा १/१२५ सांगतात, कारण त्यांची वीज ६० हर्ट्झची. सांगणारा त्याच्या जागी बरोबर असतो, पण ते आपल्या मंडपात चालत नाही. त्यात लाइन गेली आणि जनरेटर लावला की ५० हर्ट्झचाही भरवसा उरत नाही. तेव्हा १/५० धर आणि एकेका प्रसंगाचे दोन-चार जास्तीचे फोटो घे. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती चालू कर.

दुसरं, मंडपाच्या कापडाचं. उन्हाळ्यातली लग्नं भरदुपारी लागतात. वर लाल किंवा केशरी कापड, त्यातून ऊन गाळून खाली येतं, आणि माणसं तांबडीलाल दिसतात. नवशिका म्हणतो, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवायची सेटिंग) बदलू. बदलून बघ. चेहरा ठीक होतो आणि मंडपाबाहेरचं अंगण निळंशार पडतं, कारण एकाच फोटोत दोन रंगांचा उजेड आहे आणि व्हाइट बॅलन्स एकच लावता येतो. त्याहून वाईट म्हणजे लाल रंग आधीच भरून वाहिलेला असतो. साधा हिस्टोग्राम सगळं बरं आहे म्हणतो, पण तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम उघडलास तर लाल रेषा उजव्या भिंतीला टेकलेली दिसेल. मग गालावरचा तपशील गेला तो गेलाच, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून अशा ठिकाणी एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) कमी ठेवायचं. फ्लॅश वर कापडावर आपटायचा नाही, तो लाल होऊनच खाली येतो. आणि जे प्रसंग आपल्या हातात आहेत, म्हणजे जोडीचे फोटो, घरच्यांचे ग्रुप, ते मंडपाच्या कडेला आणून घ्यायचे, जिथे बाजूने मोकळ्या आभाळाचा उजेड येतो. नवरदेवाच्या काकांना सांगावं लागतं, "काका, जरा इकडं सरका." हे सांगायची हिंमत आणि सांगायची रीत, दोन्ही मंडपात उभं राहिल्याशिवाय येत नाहीत.

म्हणून तो स्टुडिओ. माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात जास्त शिकवणारी जागा तीच आहे, काही अटींवर.

स्टुडिओत तू पहिल्यांदा काय शिकशील तर घाईत काम करणं. मंगलाष्टकं संपून अक्षता पडायच्या क्षणी फोटो चुकला तर तो पुन्हा मिळत नाही. त्या वेळी कुठे उभं राहायचं, व्हिडिओवाल्याच्या फ्रेममध्ये न येता कसं सरकायचं, बॅटरी कधी बदलायची, दुसरं कार्ड कुठल्या खिशात ठेवायचं, हे कामातूनच अंगात मुरतं. गिऱ्हाइकाशी बोलणं, अ‍ॅडव्हान्स मागणं, अल्बमची पानं लावणं, मिक्सिंगवाल्याकडून (व्हिडिओ जुळवणाऱ्याकडून) वेळेत काम काढून घेणं, हा धंद्याचा भाग कुठल्याही कोर्समध्ये धड शिकवत नाहीत. पासपोर्ट फोटोलाही कमी लेखू नकोस. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या त्या चौकटीत दिवसभर वेगवेगळे चेहरे बसवताना, सावळ्या रंगावर प्रकाश कसा टाकायचा हे जितकं कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर प्रत्येक गोष्ट मधल्या करड्या रंगाची धरून चालतं. पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घातलेल्या आजोबांचा फोटो ऑटोवर काढलास तर मीटर पांढऱ्याला बघून फोटो गडद करतं आणि आजोबांचा चेहरा काळवंडतो. तिथे एक्स्पोजर वाढवायचं असतं. किती वाढवायचं, हे शेकडो चेहरे काढून हाताला कळतं.

स्टुडिओ काय शिकवत नाही तेही सांगतो. आपल्या तालुक्यातले बरेच स्टुडिओवाले मेहनती आहेत, पण एकदा बसलेली पद्धत सोडत नाहीत. फ्लॅश समोरून सरळ तोंडावर, चेहरा एडिटिंगमध्ये इतका गोरा आणि गुळगुळीत की माणूस ओळखू येऊ नये. गिऱ्हाईक तेच मागतं, असं ते म्हणतात, आणि बऱ्याचदा ते खरं असतं. तू त्यांच्या ऑर्डरवर त्यांच्या पद्धतीने काम कर, पण तुझ्या डोळ्याला ती सवय लागू देऊ नकोस. स्टुडिओत जायच्या आधी ते दोन-तीन महिने तंत्र शिक म्हणतो ते यासाठीच. उस्ताद काय करतो हे बघताना, तो तसं का करतो, हे तुला कळलं पाहिजे.

आता अटी. पहिला महिना फुकट ठीक आहे, त्यानंतर प्रत्येक ऑर्डरची रोजी ठरवून घे, थोडी का असेना. पोर फुकट राबते म्हटलं की तिला केबल गुंडाळायला आणि लाइट धरायलाच ठेवतात. पैसे मोजणारा माणूस कॅमेरा हातात देतो. तू काढलेले निवडक फोटो नमुना म्हणून ठेवायची परवानगी माग, आणि ज्यांचे फोटो आहेत त्यांनाही विचार. रात्रीच्या ऑर्डरीवरून परत कोण आणून सोडणार हे आधी ठरलं पाहिजे, आणि तुझ्या आई-बाबांनी त्या माणसाला एकदा भेटलं पाहिजे. हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. यावर स्टुडिओवाला चिडला तर तो शिकवणारा नाहीच, दुसरा शोध.

मुलगी असल्याची अडचण तू दोनदा लिहिलीस, तर हेही ऐक. हळद, मेहंदी, नवरीचं तयार होणं, डोहाळजेवण, बाळंतिणीचे आणि बाळाचे फोटो, या सगळ्या ठिकाणी बाया-पोरींना बाईमाणूस फोटोग्राफर हवी असते आणि आपल्या भागात ती मिळत नाही. पुरुष फोटोग्राफर खोलीत आला की नवरीचे खांदे आखडतात, ते फोटोत दिसतं. तुझ्याकडे ही कामं चालून येतील. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पण कॅमेरा त्यांना शिकवला माणेकशा यांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे ते माणेकशांच्या नावाने. त्याच होमाईंना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. म्हणून म्हणतो, फोटोखाली तुझं नाव यावं हा आग्रह पहिल्या दिवसापासून धर.

पुण्या-मुंबईचं. फोटोग्राफी हेच आयुष्य करायचं असं पक्कं असेल आणि घरून तीन-चार वर्षं निघत असतील तर संस्थेला तोड नाही. तिथे रोज कुणीतरी तुझं काम फाडून बघतं आणि आजूबाजूला तुझ्यासारखीच वेडी पोरं असतात. पण कुठली संस्था ते नीट बघ. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत उपयोजित कलेच्या पदवीत फोटोग्राफी हा विषय घेता येतो. नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय तर आपल्या जवळचं, तिथेही उपयोजित कला शिकवतात आणि सरकारी असल्याने फी झेपणारी. तू पदवीधर असल्याने गांधीनगरला एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. प्रवेश परीक्षा कठीण, पण बीएस्सीवाल्यांना दार बंद नाही. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट संस्था सिनेमाच्या छायाचित्रणासाठी, तिचे छोटे कोर्सही निघतात. या सोडून रस्तोरस्ती ज्या 'अकादमी' आहेत, त्यातल्या कुणालाही पैसे देण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांचे फोटो बघायला माग. शिक्षकांचे नको, विद्यार्थ्यांचे. नागपूर-चंद्रपूरच्या बाजारात सर्टिफिकेट कुणी बघत नाही, अल्बम बघतात.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, आरसेटी म्हणतात तिला. तिच्या यादीत फोटोग्राफी आणि व्हिडिओग्राफीचा महिनाभराचा कोर्स आहे. प्रशिक्षण मोफत, राहणं-जेवणंही मोफत, आणि नंतर धंद्यासाठी बँकेच्या कर्जाला तिथून हात मिळतो. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यात ती बॅच लागतेच असं नाही, मुलं जमली तर लागते. तू चंद्रपूरला जाऊन विचार, नाव नोंदव, आणि अजून कुणी इच्छुक असतील तर त्यांचीही नावं दे. कला म्हणून तिथे फार खोल शिकवणार नाहीत, पण हाताळायला दिवे मिळतील आणि महिनाभर समोर शिक्षक मिळेल. अठरा हजारांच्या रेकॉर्डेड कोर्सपेक्षा मी हे कधीही वर धरीन.

ऑनलाइनवर पैसे खर्च करायचेच झाले तर विचारायचं ते हे: शिकवणारा माझे फोटो स्वतः बघून बोलणार का, आठवड्याला किती, आणि एका बॅचमध्ये किती जण? दोनशे जणांच्या टेलिग्राम ग्रुपवर 'छान' म्हणणं म्हणजे फोटो बघणं नव्हे. आठ-दहा जणांची, थेट वर्ग भरणारी, कामं तपासणारी बॅच असेल तर अठरा हजारही जास्त नाहीत. पण ती घ्यायची वेळ वर्षभराने, तुझ्याकडे दाखवायला काम असेल तेव्हा.

आणि हे काम तुझ्या दारात आहे. मला सगळ्यात जास्त याबद्दल सांगायचंय.

आत्ता रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस आहेत. बांधीत (धानाच्या खाचरात) पाणी भरलेलं, वर ढगाळ आभाळ, आणि बाया वाकून रोवतायत. एरवी वाकलेल्या माणसाचा चेहरा अंधारात जातो. पण बांधीतल्या पाण्यावरून आभाळाचा उजेड उलटून खालून चेहऱ्यावर येतो, लुगड्याच्या पदराखालीसुद्धा. असा उजेड शहरातल्या स्टुडिओत पैसे देऊन दोन माणसं आणि एक पांढरा रिफ्लेक्टर लावून करतात. तू धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उकिडवी बस, कॅमेरा त्यांच्या तोंडाच्या उंचीला आण. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसत्या पाठी दिसतात. आधी तासभर काही काढू नकोस, गप्पा मार, जमल्यास चार पेंढ्या पोचव. मग त्या तुझ्याकडे बघायचं थांबवतील. ऊन पडलं की सांजच्या पारी पुन्हा जा आणि तीच बांधी उजेडाविरुद्ध उभी राहून बघ. कॅमेरा मात्र पावसाळ्यात कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवू नकोस, लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेव.

मग भाऊबीज आली की झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. कमी उजेडात फोटो काढायची शाळा म्हणून याहून चांगली जागा मला माहीत नाही. रात्रभर प्रयोग, पात्रं हलतायत, दिवे बदलतायत, आणि तीच नाटकं पुन्हा पुन्हा, म्हणजे आज चुकलेला प्रसंग पुढच्या गावात परत मिळतो. मंडळाला विचारून पुढे बाजूला बस. किट लेन्सने इथे दम लागेल, म्हणून पहिला खर्च करायचाच तर जुनी ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स घे. सेकंडहँड स्वस्तात मिळते. शटर १/१००, आयएसओ ३२०० पासून सुरुवात कर, फोटोत बारीक दाणे आले तरी घाबरू नकोस. रंगमंचाइतकेच मागचे फोटो काढ, रंग लावणारे कलाकार, पेटीवाला, थंडीत घोंगडी पांघरून बसलेले प्रेक्षक. महिला कलाकारांच्या रंगपटात तुला जाता येईल, मला कधीच येणार नाही.

एकाच विषयाला धरून राहण्याने काय होतं ते बघायचं असेल तर सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम बघ. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो एका दिवसात जाऊन काढलेले नाहीत, हे पहिल्या नजरेतच कळतं.

ताडोब्याचंही विचारलंस. वाघाचे फोटो काढावेसे वाटतात, स्वाभाविक आहे, जंगल घराला लागून आहे. पण त्याला लांब पल्ल्याची लेन्स, जिप्सीचं भाडं आणि प्रवेश फी लागते, शिवाय पावसाळ्यात कोअर (जंगलाचा गाभा) बंद. शिकायच्या वर्षात त्यावर पैसे घालू नकोस. गावतळ्यावरचे बगळे आणि धीवर पुरेसे आहेत.

तर माझ्या हिशेबाने क्रम असा: पावसाळाभर तंत्र आणि रोवणी, मधे आरसेटीची चौकशी, भाऊबीजेपासून नाटकं, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, तेव्हा स्टुडिओ. उन्हाळ्याच्या शेवटी संस्थेत जायचं का हे ठरव. फक्त संस्थांच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज त्याआधीच निघतात, दिवाळीपासून साइटवर नजर ठेव.

तोवर फोटो बघणारं कुणी नसेल तर मी बघतो. रोवणीचे शे-दोनशे होतील, ते सगळे पाठवू नकोस. तालुक्याच्या लॅबमध्ये तीसेक फोटो छोट्या आकारात छापून घे, घरी जमिनीवर मांड, आईला बघायला बोलव, आणि दहा ठेव. ते दहा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फाइल दाबली जाते. शटर-अ‍ॅपर्चर लिहायची गरज नाही, ते फाइलमध्येच दिसतं. प्रत्येक फोटोखाली एवढंच लिही, की हा का ठेवलास.